सातारा-सांगलीकडील जुने व्हिडिओ खेळ : बंदिस्त नियम आणि बोलीतील डाव

खेळांच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा मैदानी खेळांपाशी येऊन थांबतो. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या, विटीदांडू यांविषयी बरेच लेखन झालेले आहे. बैठ्या खेळांपैकी बुद्धिबळ, सोंगट्या आणि गंजिफा यांनाही अभ्यासक लाभले आहेत. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लहान शहरांतील मुले दूरचित्रवाणी संचासमोर बसून जे खेळ खेळली, त्यांच्याकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची आपणांस अजून सवय झालेली नाही. ते खेळ पुरेसे जुने नाहीत, असा यामागील समज असावा. वस्तुतः ती मुले आज चाळिशीच्या घरात आली आहेत, त्यांचे संच भंगारात गेले आहेत, आणि ज्या दुकानांत हे खेळ भाड्याने खेळावयास मिळत त्या जागी आता भ्रमणध्वनीची किंवा झेरॉक्सची दुकाने आहेत. असे असूनही यांपैकी काही खेळ आजही खेळावेसे वाटतात, आणि काही खेळ त्याच काळातील व तितकेच लोकप्रिय असूनही आज खेळता येत नाहीत किंवा खेळवत नाहीत. हा फरक कशामुळे पडतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. हे जिल्हे एकत्र घेण्यास आधार आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला, आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याचे नाव सांगली असे झाले. कराडकडून वाळव्याकडे जाताना जिल्ह्याची हद्द ओलांडली जाते, पण बोली बदलत नाही. ती बदलते ती पूर्वेस जत तालुक्यात, जेथे मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. मुलांचे खेळ आणि खेळांतील शब्द या हद्दी बोलीप्रमाणेच पाळतात, महसूल खात्याप्रमाणे नव्हे.

साधनांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. या खेळांविषयी स्थानिक लेखी साधन जवळजवळ नाही. येथे जी यंत्रे विकली गेली ती बहुतांशी मूळ निर्मात्याच्या परवान्याशिवाय बनविलेल्या प्रतिकृती होत्या. त्यांवर वर्ष, निर्माता किंवा देश यांची विश्वसनीय नोंद नसे. भाड्याने खेळ देणारी दुकाने तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या हिशेबाने चालत आणि तो हिशेब पाटीवर किंवा वहीच्या मागील पानावर राही. त्यामुळे उरते ते बोलीचे साधन. प्रस्तुत लेखक याच भागात आणि त्याच पिढीत वाढलेला असल्याने त्या बोलीशी त्याचा परिचय आहे. तथापि आठवणीपेक्षा शब्दांवर अधिक भिस्त ठेवण्याचा येथे प्रयत्न केला आहे, कारण आठवण गोड होत जाते, शब्द मात्र बहुधा आपले जुने रूप टिकवून धरतो.

प्रथम यंत्राकडे पाहू. जपानमधील निन्टेंडो या कंपनीने फॅमिकॉम नावाचे यंत्र जुलै १९८३ मध्ये विक्रीस आणले. दूरचित्रवाणी संचास जोडावयाची एक पेटी, दोन हातपट्ट्या, आणि पेटीच्या वरच्या खाचेत बसवावयाची खेळाची वडी, एवढाच त्याचा पसारा होता. यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट होती. या यंत्राच्या प्रतिकृती पुढे चीन व तैवानकडे विपुल प्रमाणात तयार झाल्या, आणि १९९१ नंतर भारताच्या बाजारपेठा खुल्या होऊ लागल्या तशा त्या मुंबई-पुण्याच्या मार्गाने आपल्या भागातही पोचल्या. म्हणजे साताऱ्यातील मूल जो खेळ नवा म्हणून खेळत होते तो जपानमध्ये पाच-सात वर्षांपूर्वीच जुना झाला होता. आपल्याकडे हे खेळ आले तेच मुळी ‘जुने खेळ’ म्हणून आले; त्यांचे नावीन्य केवळ आपल्यापुरते होते. ते पुढे टिकले याचे श्रेय म्हणूनच नवलाईस देता येत नाही.

वस्तू आली तेव्हा तिच्यासाठी बोलीत शब्द नव्हते, आणि मुलांनी ते शोधले नाहीत. घरात जे होते ते वापरले. खेळाच्या वडीस सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत. तीत फीत नसते, फिरणारे काही नसते, असते ती एक छोटी छापील पट्टी आणि तीवरील चिप. पण पेटीच्या तोंडात घातली असता आतले बाहेर दिसू लागते अशी जी वस्तू घरोघर माहीत होती ती गाण्याची किंवा चित्रपटाची कॅसेटच, आणि शब्द रूपावरून नव्हे तर कार्यावरून दिला गेला. हातपट्टीस ‘रिमोट’ म्हणत, जरी ती तारेने जोडलेली असे आणि दूरस्थपणाचा तीत लेशही नसे. ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द खेळासाठी नव्हे तर यंत्रासाठी होता: ‘त्याच्या घरी व्हिडिओ गेम आहे’ या वाक्यात गेम ही वस्तू होती. कॅसेट लागली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारीत. फुंकरीने धूळ जाते की नाही याविषयी विद्युत्तंत्रज्ञ साशंक असतात. कॅसेट काढून पुन्हा बसविल्यानेच संपर्क नीट होत असावा, आणि श्रेय फुंकरीस जात असे. पण ही क्रिया सर्वत्र सारखीच होती, आणि कोणी कोणास ती शिकविली असे कोणास आठवत नाही.

या कॅसेटींपैकी पुष्कळांवर ‘९९९९ इन १’ किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात तीत मूळ खेळ थोडेच असत. तेच खेळ निराळ्या टप्प्यापासून सुरू करून, अथवा आयुष्यांची संख्या वाढवून, नवीन क्रमांकाखाली पुन्हा यादीत घातलेले असत. ही फसवणूक होती हे खरे, परंतु अभ्यासकास ती उपयोगी आहे. कोणते खेळ पुन्हा पुन्हा घातले गेले हे पाहिले म्हणजे बाजारास काय हवे होते ते कळते, आणि त्या यादीत मारिओ, कॉन्ट्रा व बदकांचा खेळ यांचे स्थान वरचे होते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ सप्टेंबर १९८५ मधला. त्याची सर्व सामग्री, म्हणजे नियम, चित्रे, संगीत आणि ३२ टप्पे, एकूण ४० किलोबाइटांत मावते. देवनागरी लिपीतील एक चिन्ह संगणकात साधवण्यास आज साधारणतः तीन बाइट लागतात हे लक्षात घेता, वाचकांच्या हाती असलेला हा लेख संपूर्ण मारिओच्या खेळाएवढीच जागा व्यापीत असेल. या संकोचाचा परिणाम असा झाला की रचनाकारास एकही गोष्ट समजावून सांगण्याची सोय राहिली नाही. खेळात वाचावयाचे जवळजवळ काही नाही. पहिल्याच टप्प्यात डावीकडे उभा असलेला माणूस आणि उजवीकडे मोकळी जागा दिसते. म्हणून मूल उजवीकडे जाते. समोरून एक प्राणी संथपणे चालत येतो. त्यास धडकले तर मरण येते, उडी मारली तर तो पायाखाली चेपतो. उडी मारताना डोक्यावरची वीट लागते आणि तीतून नाणे निघते. या काही सेकंदांत खेळाचे व्याकरण संपूर्ण शिकविले जाते आणि तेही भाषेवाचून. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मूल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल या खेळापुढे समान होते. त्या काळात संगणकाशी संबंधित असलेल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूविषयी असे म्हणता येणार नाही.

या खेळाचा टिकाऊपणा त्याच्या उडीत आहे, असे माझे मत आहे. बटण थोडा वेळ दाबले तर उडी आखूड, अधिक वेळ दाबले तर उंच. धावत असता मारली तर लांब. आणि हवेत असतानाही दिशा किंचित बदलता येते. माणूस थांबताना थोडा घसरतो. हे सर्व बोटांस कळते, डोक्यास नंतर कळते. गोटी नेमताना किंवा विटी कोलताना हातास जे ज्ञान असते त्याच जातीचे हे ज्ञान आहे, आणि ते चाळिसाव्या वर्षीही हात विसरत नाही. शिवाय मारिओ मरतो तेव्हा तो का मेला हे खेळणाऱ्यास त्याच क्षणी ठाऊक असते. दोष यंत्रावर ढकलता येत नाही. पुष्कळ अलीकडील खेळांत चित्रे शतपट सुंदर आहेत, परंतु आपण का हरलो हे कळावयास पाच मिनिटे लागतात. चित्राचे सौंदर्य दर चार वर्षांनी शिळे होते. हाताचा हिशेब शिळा होत नाही.

‘कॉन्ट्रा’ हा कोनामी या कंपनीचा खेळ. घरगुती यंत्रावर तो १९८८ च्या आरंभी आला. यात आठ टप्पे असून दोघांना एकाच वेळी, एकमेकांच्या बाजूस राहून खेळता येते. एकाची विजार निळी, दुसऱ्याची तांबडी. आपल्या भागात त्या वेळी पुष्कळ घरांत कृष्णधवल संचच होते, आणि तेथे दोन्ही विजारी करड्या दिसत, ‘मी कोणता?’ हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक डावाच्या आरंभी उडी मारून सोडवावा लागे. खेळाडूस आरंभी तीन आयुष्ये मिळतात, आणि एकही गोळी लागली की एक आयुष्य जाते. कठोर नियम आहे, पण दोघांना सारखाच लागू आहे.

या खेळाबरोबर एक सूत्र तोंडोतोंडी पसरले होते. आरंभीच्या चित्रावर ‘अप-अप-डाउन-डाउन-लेफ्ट-राइट-लेफ्ट-राइट-बी-ए’ या क्रमाने बटणे दाबली असता तीनऐवजी तीस आयुष्ये मिळत. मूळ सूत्र कोनामीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ या खेळाच्या १९८६ मधील घरगुती आवृत्तीसाठी घातले. तो खेळ त्यांना स्वतःलाच तपासताना अवघड जात होता, म्हणून ही पळवाट ठेवली होती. ते सूत्र जपानमधील तपासणीच्या टेबलावरून निघून, कोणत्याही पुस्तकाच्या साहाय्यावाचून, खटाव-तासगावकडील मुलांच्या तोंडी आले. ते म्हणण्याची एक ठेकेदार लय होती, आणि लयीमुळेच ते चुकत नसे.

येथे भाषेच्या अभ्यासकास विटीदांडूची आठवण होणे अपरिहार्य आहे. विटीदांडूत अंतर मोजताना आणि पुढील विटी शरीराच्या कोणत्या भागावरून उडवावयाची हे ठरविताना जे शब्द म्हणतात, त्यांचा आरंभ वकट, लेंड, मूंड, नाल असा होतो. म्हणणाऱ्या मुलास हे अंक आहेत याची जाणीव नसते. हे शब्द द्राविडी संख्यावाचक आहेत, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविलेले आहे. सांगलीच्या दृष्टीने यातील विशेष असा की, शेजारची द्राविडी भाषा कन्नड असूनही हे शब्द कन्नडपेक्षा तेलुगूस अधिक जुळतात. कन्नडमध्ये एक म्हणजे ‘ओंदु’, दोन म्हणजे ‘एरडु’, तीन म्हणजे ‘मूरु’. त्यांवरून वकट, लेंड, मूंड निघू शकत नाहीत. तेलुगूतील ‘ओकटि’, ‘रेंडु’ आणि जुन्या तेलुगूतील अनुनासिकयुक्त ‘मूँडु’ यांवरून ते सहज निघतात. म्हणजे शब्द लगतच्या हद्दीवरून आलेले नाहीत. ते खेळाबरोबर लांबून आले, अर्थ वाटेत गळाला, क्रम आणि लय तेवढी राहिली. तीस आयुष्यांचे सूत्र याच प्रकारचे आहे. ‘बी-ए’ म्हणजे काय हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच ‘लेंड’ म्हणजे काय हा प्रश्न खेळणाऱ्यापुरता निरर्थक असतो. खेळातील शब्द अर्थावाचून प्रवास करू शकतात, आणि काही वेळा अर्थ नसल्यामुळेच ते झिजत नाहीत.

मात्र मैदानी खेळ आणि व्हिडिओ खेळ यांत एक मूलभूत भेद आहे. विटीदांडूचे नियम गावोगाव निराळे असतात आणि डाव सुरू होण्यापूर्वी ते बोलून ठरवावे लागतात. हुतूतूचेही असेच होते. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे प्रकार प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला म्हणजे आपला बाद झालेला गडी ‘जिवंत’ होतो. गामिनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहतो व केवळ गुण मोजला जातो. १९२१ साली महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियमांची चौकट तयार करण्यात आली, आणि १९२३ मध्ये बडोद्यास झालेल्या अखिल भारतीय सामन्यांत सुधारलेले नियम वापरले गेले. बुद्धिबळही बदलले. देशी पद्धतीत प्यादे आरंभी एकच घर चाले, आणि शह न बसलेल्या राजास एकदा घोड्याची चाल करता येई. आंतरराष्ट्रीय नियम आले तेव्हा हे गेले. भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे ज्या सांगलीचे नाव बुद्धिबळाच्या जगात झाले, तेथील जुन्या पिढीने हा बदल पचविला आणि खेळ सोडला नाही. थोडक्यात, पारंपरिक खेळ टिकतो तो वाकून टिकतो.

व्हिडिओ खेळास वाकता येत नाही. त्याचा नियम चिपमध्ये कोरलेला असतो. पंच, वाद आणि तडजोड यांस तेथे वाव नाही. मारिओची उडी क्योटोत जेवढी होती तेवढीच मिरजेत होती आणि आजही तेवढीच आहे. असा बंदिस्त नियम एखाद्या समाजात रुजतो कसा, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर माझ्या मते असे की, मुलांनी बंदिस्त नियमाभोवती मोकळ्या नियमांचे एक कुंपण उभे केले, आणि ते कुंपण त्यांनी मैदानातून आणले.

उदाहरणार्थ पाळीचा नियम घ्या. मारिओमध्ये दोन खेळाडू असता एक मेला की दुसऱ्याची पाळी येते, हे यंत्रच ठरविते. परंतु घरात यंत्र एक आणि मुले सहा असत. तेव्हा ‘लाइफगणिक’ किंवा ‘स्टेजगणिक’ हातपट्टी पुढे द्यावयाची, असा ठराव आधी होई. लाइफगणिक ठरले तर कच्च्या खेळाडूस अन्याय होई, कारण त्याची पाळी दहा सेकंदांत संपे. स्टेजगणिक ठरले तर पक्का खेळाडू सर्वांना बसवून ठेवी. हा वाद विटीदांडूतील वादाहून निराळा नाही. अगदी लहान भावंडास ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेत आणि त्याच्या हाती न जोडलेला रिमोट देत. तो बटणे दाबी, पडद्यावर काहीतरी हाले, आणि तो संतुष्ट असे. मैदानात कच्चा लिंबू धावतो पण मोजला जात नाही. येथे तो मोजलाही जात नाही आणि यंत्रास त्याचा पत्ताही नसतो. संकल्पना तीच, अंमलबजावणी अधिक निर्दय.

थांबण्यासाठी यंत्रावर बटण होते, पण त्यावर ‘स्टार्ट’ असे लिहिलेले असे. सुरू करावयाचे आणि थांबवावयाचे बटण एकच असणे मुलांस विचित्र वाटले नाही, कारण मैदानातील ‘टाइमप्लीज’ हा शब्द त्यांनी तसाच पडद्यासमोर आणला होता. ‘टाइमप्लीज कर’ म्हटले की ज्याच्या हाती पहिला रिमोट आहे त्याने स्टार्ट दाबावयाचे.

सर्वांत लक्षणीय म्हणजे मरणाची भाषा. ‘मेलो’, ‘तू मेलास’, ‘तो अजून जिवंत आहे’ ही वाक्ये हुतूतूत शतशः बोलली जात होती; त्यामुळे व्हिडिओ खेळातील आयुष्यांचा हिशेब आपल्याकडे परका वाटलाच नाही. कॉन्ट्रात एकाची सर्व आयुष्ये संपली तर बटण दाबून त्यास सोबत्याच्या आयुष्यांतून एक घेता येते. हे बंदिस्त नियमात बसते, परंतु ते केव्हा घ्यावे, विचारून घ्यावे की न विचारता, हे यंत्र सांगत नाही. आपल्याकडे न विचारता घेणे ही चोरी समजली जाई आणि तीवरून भांडणे होत. संजीवनी प्रकारात सोबत्यास जिवंत करणे हा पराक्रम आहे. येथे सोबत्याच्या जिवावर जिवंत होणे ही लाजेची गोष्ट ठरली. तीच गोष्ट ‘एस’ची. पडद्यावर उडत येणाऱ्या अक्षरांपैकी एस हे अक्षर घेतले असता पंख्यासारख्या पाच गोळ्या सुटतात. ‘एस मला सोड’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याने कॉन्ट्रा एकट्याने खेळला असावा. धबधब्याच्या टप्प्यात एक खेळाडू वर चढत गेला तर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला सोबती पडद्याच्या कडेने मारला जातो. म्हणून ‘दमानं घे’ हा तेथील नियम होता. तो चिपमध्ये नव्हता, दोघांच्या संबंधात होता.

याउलट बदकांच्या शिकारीचा खेळ पाहा. ‘डक हंट’ १९८४ मधला. यंत्राबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या बंदुकीने पडद्यावरील बदके मारावयाची. लोकप्रियतेत तो मारिओच्या खालोखाल होता, आणि घरातील मोठी माणसे, विशेषतः आजोबा मंडळी, याच एका खेळास हात लावीत. आज तो मूळ बंदुकीने खेळता येत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील डोळा तो प्रकाश टिपतो. ही युक्ती जुन्या काचनळीच्या संचाच्या चित्रण-वेगावर बेतलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते आणि बंदुकीस काहीच दिसत नाही. या खेळाचा नियम वाईट नव्हता. तो एका विशिष्ट वस्तूशी जखडलेला होता. वस्तू गेली, नियम गेला.

दुसऱ्या टोकास ‘टेट्रिस’ आहे. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेय पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये रचला. आपल्याकडे तो दूरचित्रवाणीवरून कमी आणि जत्रेत व बसस्थानकाजवळ मिळणाऱ्या, करड्या पडद्याच्या, तळहाताएवढ्या ‘ब्रिक गेम’मधून अधिक आला. चार चौकोनांचे सात आकार, आणि ओळ भरली की ती नाहीशी होते, यापलीकडे त्यात काही नाही. तो कोणत्याही पडद्यावर, कोणत्याही वेगाने, रंगासह किंवा रंगाविना सारखाच राहतो. पण त्याच्याभोवती आपल्या बोलीत फारसे शब्द जमले नाहीत, कारण तो एकट्याने खेळावयाचा. पुढे १९९७ पासून नोकियाच्या दूरध्वनीत आलेल्या सापाच्या खेळाचेही हेच झाले. दोन्ही उत्तम खेळ आहेत आणि आजही वेळ विसरावयास लावतात. भाषेच्या दृष्टीने मात्र ते मुके राहिले.

यावरून जुन्या खेळाच्या टिकण्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक, चिपमधील नियमाचे टिकणे. दोन, भोवतीच्या मोकळ्या नियमांचे टिकणे. पहिल्याची काळजी जगात घेतली जात आहे, जरी ती अपुरी आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज विक्रीस उपलब्ध नाहीत असे आढळले. मारिओ आणि कॉन्ट्रा यांस ही भीती नाही. निन्टेंडोने २०१६ मध्ये ३० जुने खेळ घातलेले छोटे यंत्र काढले, कॉन्ट्राचा संग्रह २०१९ मध्ये निघाला, आणि जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावली कोणत्याही संगणकावर चालतात. चिपमधील ४० किलोबाइट सुरक्षित आहेत.

दुसऱ्या प्रकाराची काळजी कोणी परदेशी संस्था घेणार नाही, कारण तो मराठीत आहे. लाइफगणिक पाळी, न जोडलेला रिमोट, एस सोडण्याचा संकेत, फुंकरीचा उपचार, यांपैकी काहीही कॅसेटीत नाही. विद्यापीठीय विभागांतून ग्रामीण शब्दसंग्रहाची कामे होतात. शेतीच्या अवजारांची, स्वयंपाकाच्या भांड्यांची, मैदानी खेळांची नावे गोळा केली जातात. त्या यादीत ही शब्दावली घालण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. ती परकी शब्दांनी भरलेली आहे हा आक्षेप वकट-लेंडवरही घेता येईल.

या शब्दावलीत व्याकरणाची सामग्रीही आहे. ‘लाइफ’ हा शब्द सामान्य बोलण्यात आपल्याकडे नपुंसकलिंगी चालतो: ‘माझं लाइफ’, ‘कसलं लाइफ आहे हे’. खेळात मात्र तो स्त्रीलिंगी होतो: ‘एक लाइफ गेली’, ‘शेवटची लाइफ राहिली’. पहिल्या अर्थामागे ‘जीवन’ व ‘आयुष्य’ हे नपुंसकलिंगी शब्द उभे आहेत. दुसऱ्या अर्थी लाइफ म्हणजे जीवन नव्हेच. ती पाळी आहे, बारी आहे, आणि हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. हिंदीत लाइफ स्त्रीलिंगी असल्याने तिकडून हे लिंग आले असे म्हणता येईल. पण मग सामान्य अर्थीही ते यावयास हवे होते, आणि तसे झालेले नाही. एकाच उसन्या शब्दाचे अर्थाप्रमाणे लिंग बदलणे, आणि तेही ज्यांनी व्याकरणाचा विचार केला नाही अशा दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून, हे उसन्या शब्दांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगे आहे.

आज ही पिढी दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत एकत्र आली म्हणजे कोणाच्या तरी संगणकावर मारिओ किंवा कॉन्ट्रा पुन्हा लावला जातो. नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत एक सोय असते: खेळ कोणत्याही क्षणी साठवून ठेवता येतो आणि मेल्यावर त्याच क्षणापासून पुढे नेता येतो. मूळ यंत्रावर ही सोय नव्हती. वीज गेली की आठव्या टप्प्यावरून पुन्हा पहिल्यावर. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या अशा बैठकींत ती सोय वापरण्यास एकमताने मज्जाव होता. कोणी हात लावू गेला तर त्यास ‘रडीचा डाव’ म्हणत, आणि पाळी लाइफगणिक की स्टेजगणिक, हे ठरल्यावाचून स्टार्टचे बटण दाबले जात नसे.